तोल सावरताना

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• शरीराचा तोल कसा सांभाळला जातो, ते सांगू शकाल;
• पक्षाघातानंतरच्या भौतिकोपचाराचे स्वरूप स्पष्ट करू शकाल;
• रुग्णाच्या उपचारातील कुटुंबीयांची भूमिका स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

उभे राहणे ही गोष्ट माणसाला इतकी सहज वाटते, की तिच्यामागे काही शिक्षण असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. वर्षभराचे मूल पडत-धडपडत उभे राहायला शिकते आणि पुढे ते शिकणे विसरूनही जाते. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र हा विसरलेला धडा पुन्हा गिरवावा लागतो.

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीमुळे बंद झाली किंवा फुटली, की मेंदूच्या त्या भागाला इजा होते. यालाच पक्षाघात म्हणतात. मेंदूचा उजवा भाग प्रामुख्याने शरीराच्या डाव्या बाजूवर आणि डावा भाग उजव्या बाजूवर नियंत्रण ठेवतो. त्यामुळे इजा उजवीकडे झाली, तर दुबळेपणा डावीकडे येतो.

परंतु तोल केवळ स्नायूंच्या बळावर राहत नाही. डोळे भोवतालच्या सरळ-तिरप्या रेषा टिपतात, अंतर्कर्ण डोक्याची हालचाल ओळखतो, तर तळपाय, स्नायू आणि सांधे शरीराचा भार कोठे पडला आहे ते कळवतात. हे तिन्ही निरोप मेंदू एकत्र जुळवतो आणि क्षणार्धात स्नायूंना आज्ञा देतो. या जुळणीत बिघाड झाला, तर पायांत बळ असूनही माणूस कोसळू शकतो.

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेली एक गृहिणी खाटेच्या कडेवर बसली आहे. ती डावीकडे कलंडते. मुलगा तिला सरळ करू पाहतो, तर ती धडधाकट उजव्या हाताने खाट रेटून अधिकच डावीकडे झुकते आणि ‘अरे, पडेन मी!’ म्हणून घाबरते. घरच्यांना हा हट्ट वाटतो. वस्तुतः अशा काही रुग्णांची, आपण सरळ आहोत की नाही हे ओळखण्याची जाणीवच ढळलेली असते. 2000 साली जर्मन संशोधकांनी अशा रुग्णांची पाहणी केली. डोळ्यांना काही दिसत नसताना, शरीर सुमारे 18 अंशांनी कललेले असतानाच त्यांना आपण सरळ आहोत असे वाटत होते. डोळ्यांनी पाहून मात्र ते सरळ रेषा बरोबर ओळखत होते.

म्हणूनच भौतिकोपचारतज्ज्ञ येथे बळजोरी करत नाही. तो तिला समोरच्या दाराची चौकट दाखवतो आणि विचारतो, “ताई, ही चौकट सरळ आहे ना? आता तुमचे खांदे तिच्याशी जुळवून पाहा.” मग तो उजव्या बाजूला ठेवलेला पेला उचलायला सांगतो. पेल्यासाठी हात लांबवताना शरीराचा भार आपसूकच उजवीकडे सरकतो. जाणिवेने फसवलेल्या माणसाला दृष्टी अशी वाट दाखवते.

बसणे साधले, की उठण्याचा सराव सुरू होतो. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून, किंचित मागे घेऊन आणि धड पुढे झुकवून उठावे लागते. उभे राहिल्यावर सारा भार निरोगी पायावर टाकण्याची प्रवृत्ती असते. ती मोडून दुबळ्या पायालाही भार घ्यायला शिकवावे लागते. प्रगती मोजण्यासाठी चाचण्याही आहेत. कॅनडात 1989 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ग’ चाचणीत 14 कृती असून त्यांना एकूण 56 गुण असतात.

पुनःपुन्हा केलेल्या सरावामुळे मेंदूचे शाबूत भाग गमावलेली कामे काही अंशी उचलू लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. तथापि नंतरचा सरावही वाया जात नाही. प्रत्येक रुग्ण पूर्ववत होतोच असे नाही. घाईही उपयोगाची नाही. पहिल्या 24 तासांतच रुग्णाला वारंवार उठवण्या-चालवण्याने हित होत नाही, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. म्हणून आरंभ केव्हा आणि किती करायचा, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

कुटुंबीयांची जबाबदारी दुहेरी आहे. दुबळा हात धरून रुग्णाला ओढू नये, कारण त्याने खांद्याला इजा होते. ओली फरशी, सरकणारी सतरंजी आणि सैल चपला टाळाव्यात. सराव करताना रुग्णाला एकटे सोडू नये. मात्र जे काम त्याला सावकाश का होईना स्वतः करता येते, ते मायेपोटी हिरावून घेऊ नये. काही आठवड्यांनी ती गृहिणी आधाराविना बसून स्वतःच्या हाताने चहा पिऊ लागते, तेव्हा मुलगा तिच्याजवळच असतो. पण त्याचे हात मोकळे असतात.

पाठगत प्रश्न
1. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला कोणकोणते निरोप मिळतात?
2. गृहिणीचे वागणे हट्टाचे नव्हते, हे कशावरून कळते?
3. ‘त्याचे हात मोकळे असतात’ या वाक्याचा आशय 4-5 ओळींत लिहा.
4. ‘तोल जाणे’ हा वाक्प्रचार शरीर आणि मन या दोन्ही संदर्भांत वाक्यांत वापरा.