शिकार : रायफलीचा पल्ला आणि सुरीचा पल्ला

दिव्य कुरआनच्या ‘अल्-माइदा’ या सूरहमध्ये (५:९४) श्रद्धावंतांना पूर्वसूचना देण्यात आली आहे, की हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह त्यांची परीक्षा घेईल. भाष्यकार या आयतीचा संबंध हुदैबियाच्या प्रवासाशी (हिजरी ६) जोडतात. एहराम बांधलेल्या यात्रेकरूंच्या अगदी जवळ वन्य जनावरे येत होती आणि त्यांना हात लावण्याची मनाई होती. शिकारीसंबंधीचे पुढचे सर्व नियम समजून घ्यायचे तर ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. सावज टप्प्यात आहे म्हणजे ते मारण्याचा हक्क मिळाला, असे इस्लाम मानत नाही.

त्याच प्रवासातील ह. अबू कतादा (र.) यांचा प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. त्यांनी एहराम बांधलेला नव्हता, सोबत्यांनी बांधलेला होता. एक रानगाढव दिसताच ते घोड्यावर स्वार झाले, पण चाबूक खालीच राहिला. त्यांनी तो उचलून देण्यास सांगितले. या कामी आम्ही कोणतीही मदत करणार नाही, असे सोबत्यांनी स्पष्ट सांगितले. अखेर ते स्वतः उतरले, चाबूक घेतला आणि शिकार केली. मांस खावे की नाही याविषयी सोबत्यांना शंका आली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एवढेच विचारले, की तुमच्यापैकी कोणी त्यांना हल्ला करण्यास सांगितले होते काय, किंवा सावजाकडे बोट दाखविले होते काय? उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांनी मांस खाण्याची परवानगी दिली. चाबूक हाती देणे हासुद्धा शिकारीतील सहभाग ठरतो, हे सहाबींना ठाऊक होते. दुर्बीण पुढे करणारा, जीप हाकणारा आणि बॅटरीचा झोत टाकणारा यांनी या प्रसंगावर विचार करावा.

आता हत्याराकडे वळू. ह. अदी बिन हातिम (र.) यांनी ‘मिअराद’विषयी विचारणा केली होती. मिअराद म्हणजे पिसे नसलेला जड बाण. तो टोकाने लागून जनावरात घुसला तर खावे, आडवा आदळून जनावर मेले तर खाऊ नये, असे उत्तर त्यांना मिळाले. आघाताने मेलेले जनावर ‘मौकूज़ा’ होय आणि ते याच सूरहच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध ठरविले आहे. भेदणारे हत्यार आणि ठेचणारे हत्यार यांतील ही रेषा शिकारीच्या फिकहचा कणा आहे.

बंदुकीची गोळी या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते? येथे विद्वानांत खरा मतभेद आहे. इजिप्तचे इब्ने नुजैम (मृत्यू १५६३) आणि दमिश्कचे इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) या हनफी फकीहांच्या मते शिशाच्या गोळीला धार नसते, ती जोराने व दाहाने मारते, म्हणून केवळ गोळीने मेलेले जनावर हलाल नाही. शाफई ग्रंथांतही कडक भूमिका आढळते. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफई आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी. याउलट येमेनचे शौकानी (मृत्यू १८३४) यांनी असे प्रतिपादन केले, की ही गोळी एका बाजूने शिरते व बहुधा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणजे ती भेदते, म्हणून शिकार हलाल आहे. उत्तरकालीन अनेक मालिकी विद्वान आणि आमच्या काळातील यूसुफ करज़ावी याच मताचे होते. मात्र जनावर जिवंत हाती लागले व जबह झाले तर ते हलाल आहे, यावर कोणाचाही वाद नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी परिसरातील अनेक कोकणी कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केपटाऊनमध्ये स्थायिक झाली. त्या देशात परवान्याने शिकार कायदेशीर आहे. हिवाळ्यात लोक इम्पाला, स्प्रिंगबॉक आणि कुडू या हरणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीला जातात आणि मांस वाळवून ‘बिल्टाँग’ करतात. पूर्ण वाढलेला कुडू नर अडीचशे किलोच्या आसपास भरतो. तो लिम्पोपोच्या काटेरी झुडपांत राहतो आणि गोळी लागल्यावरही पळतो.

शिकारीची तयारी म्हणजे रायफल आणि तिच्यावरची दुर्बीण, असा समज रूढ आहे. कुडूसाठी ‘थर्टी-ऑट-सिक्स’ किंवा ‘थ्री-नॉट-एट’ पुरेशी असते. रानरेड्यासाठी ‘थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह’सारखी अवजड रायफल लागते. दुकानदार सांगतो, की या दुर्बिणीतून चारशे मीटरवरचे जनावर टिपता येते. टिपता येत असेलही, पण जबह करावयाचे तर शिकाऱ्याला त्या चारशे मीटरवर पोहोचावेही लागते. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेले जनावर सहसा काही सेकंदांत किंवा मिनिटभरात प्राण सोडते. काट्यांतून चारशे मीटर जाण्यास कित्येक मिनिटे लागतात. म्हणून कडक मत पाळणाऱ्याने आपला पल्ला आपल्या पायांवरून ठरवावा. ऐंशी मीटर, फार तर शंभर. त्याहून दूर सावज असेल तर दबा धरून जवळ जावे, नाही तर सोडून द्यावे.

काही जण यावर तोडगा काढतात : जनावर जिवंत सापडावे म्हणून मुद्दाम पाय किंवा कंबर मोडेल अशी गोळी मारायची. आमच्या मते हा तोडगा अत्यंत वाईट आहे. प्रत्येक गोष्टीत उत्तम रीती अनिवार्य आहे, जबह करतानाही सुरीला धार लावून जनावराला कमीत कमी त्रास द्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. फिकहची एक अट पूर्ण करण्यासाठी दुसरी आज्ञा पायदळी तुडविणे म्हणजे सावधगिरी नव्हे.

आणखी एक पेच आहे. अनुभवी शिकारी सांगतात, की गोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजे जखमी जनावर दूर पळत नाही. हनफी फिकहमध्ये मात्र शिकाऱ्याने पाठलाग सोडून बसून राहावे आणि नंतर जनावर मेलेले आढळावे, तर ते खाता येत नाही. सतत शोधात असताना सापडले तर गोष्ट वेगळी. पाण्यात पडून मेलेले जनावर खाऊ नये, कारण ते पाण्याने मेले की बाणाने हे कळत नाही, हेही ह. अदी (र.) यांना सांगितले गेले होते. कोणते मत पाळायचे हे घरून निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. रक्ताळलेल्या गवतावर उभे राहून सोयीचा फतवा आठवू नये.

साधनांत सुरीला पहिला मान द्यावा. ती लांब, मजबूत पात्याची असावी, घडीची शोभेची नको. सोबत दुसरा माणूस असावा. नेम धरणाऱ्याने रायफल रिकामी करून मगच धावावे, किंवा सुरी सोबत्याकडे द्यावी. पडलेल्या नराकडे पाठीमागून जावे, कारण त्याची शिंगे मरतानाही माणूस फाडू शकतात. गोळी झाडताना एक बिस्मिल्लाह आणि सुरी चालविताना दुसरी. ‘हिदाया’त मार्मिक भेद सांगितला आहे : शिकारीत अल्लाहचे नाव बाणावर घेतले जाते, जबह करताना जनावरावर. म्हणून बाण बदलला तर नाव पुन्हा घ्यावे लागते, सुरी बदलली तर नाही. रायफलीत काडतूस भरताना केलेले स्मरण पुरेसे नाही. ते गोळी सुटतानाच हवे.

गोळीची निवडही महत्त्वाची. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी हरणाच्या अंगातून बारीक छिद्र पाडून निघून जाते आणि जनावर तासन् तास भटकत मरते. अशा जनावरांसाठी आत गेल्यावर फुलणारी गोळी योग्य. तिच्यात शिसे असेल तर त्याचे सूक्ष्म कण जखमेभोवती दूरवर पसरतात. ते मांस सढळ हाताने कापून टाकावे, कारण शिसे मुलांना सर्वाधिक बाधते. तांब्याची गोळी मिळत असेल तर तीच घ्यावी.

मुलांना शिकार शिकवावी काय? ह. अनस (र.) किशोर असताना मर्रुज़्-ज़हरान येथे लोकांनी एक ससा उठविला. धावून धावून सारे दमले, पण अनस (र.) यांनी तो पकडला. त्यांनी तो ह. अबू तलहा (र.) यांच्याकडे नेला. अबू तलहांनी (र.) तो जबह केला आणि मांड्या प्रेषितांकडे (स.) पाठविल्या. त्यांनी त्या स्वीकारल्या. मुलाच्या वाट्याला धावणे आले, सुरी मोठ्याच्या हाती राहिली, आणि मांस वाटले गेले. शिकवणीचा क्रम याहून चांगला सुचत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही मूल परवानाधारकाच्या थेट देखरेखीखालीच बंदूक हाताळू शकते. पहिल्या वर्षी त्याने वारा ओळखावा, खुरांचे ठसे वाचावेत, मादीसोबत पिल्लू आहे काय ते पाहावे. नंतर कागदी लक्ष्यावर नेम धरावा. जिवंत प्राण्याला लक्ष्य बनविण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. कुरैशच्या तरुणांनी पक्षी बांधून त्याच्यावर बाण मारण्याचा खेळ मांडला होता, ते ह. इब्ने उमर (र.) यांना पाहताच पांगले. वडिलांनी मुलासमोर एकदा तरी टप्प्यातले जनावर सोडून द्यावे. तो धडा कागदी लक्ष्यावर मिळत नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती अधिकच कडक झाली. पुत्राच्या हौसेखातर तितर किंवा ससा मारणे हा येथे गुन्हा आहे. वाडीतल्या मुलांच्या हातची गलोलही निरुपद्रवी नाही. ह. अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (र.) यांनी आप्ताला बोटांनी खडे उडविताना पाहून अडविले, कारण अशा खड्याने ना शिकार होते, ना शत्रू जायबंदी होतो, मात्र दात तुटतो आणि डोळा फुटतो. प्रेषितांची (स.) मनाई ऐकूनही तो थांबला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले. गलोलीच्या खड्याने मेलेला होला मौकूज़ाच होय.

मग आपल्या मुलांनी हे कोठे शिकावे? बकरी ईदच्या आधल्या दिवशी सुरीला धार लावताना मुलाला शेजारी बसवावे. धार कागदावर तपासून दाखवावी. जनावर दुसऱ्या अंगणात बांधावे, म्हणजे त्याच्या नजरेस सुरी पडणार नाही, आणि त्याला पाणी पाजण्याचे काम त्याच मुलाकडे द्यावे.