ठोकू नका, टांगा!

आपल्याकडे भिंत म्हणजे विटा आणि प्लास्टर. अमेरिकेत मात्र बऱ्याच लाकडी घरांना बाहेरून पीव्हीसीच्या लांब पट्ट्या लावतात. हेच व्हिनाइल सायडिंग. न्यू जर्सीच्या मामाकडे उन्हाळ्यात एक पट्टी लाटेसारखी फुगली. फोनवर म्हणाला, "अजून चार खिळे ठोकतो." मी म्हटलं, "मामा, थांब! पट्टी आडवी सरकते का बघ." "तसूभर नाही."

इथेच रोग कळला. पट्टी ३.६६ मीटर, पीव्हीसीचा प्रसरणांक अंदाजे ०.००००६ प्रति अंश सेल्सियस. हिवाळा-उन्हाळ्यात पट्टीच्या तापमानात ६० अंशांचा फरक धरला, तर लांबी सुमारे १३ मिलिमीटर बदलते. म्हणूनच खिळ्यासाठी गोल भोक नसून आडवी खाच असते. खिळा खाचेच्या मध्यावर हवा, आणि डोक्याखाली जेमतेम एक मिलिमीटर जागा. घट्ट ठोकलं की पट्टी जाणार कुठे? फुगणारच.

बार्बेक्यूच्या किंवा समोरच्या काचेवरून परतलेल्या उन्हाच्या उष्णतेने वितळलेली पट्टी मात्र सरळ होत नाही, बदलावीच लागते. थंडीत चेंडू लागून तडकलेलीही तशीच. आकड्यासारख्या हत्याराने वरच्या पट्टीची कड सोडवायची, खिळे उपसायचे, नवी पट्टी खालच्या पट्टीत अडकवून वर टांगायची. गोची रंगाची! जुना रंग उन्हाने विटलेला असतो. मग घरामागची जुनी पट्टी पुढे, नवी मागे.

पट्टी काढलीच आहे तर आतलं लाकूड दाबून बघावं. सायडिंगमागे थोडं पाणी जातंच. त्याला अडवतो तो आतला कागद. मामाचा कागद एका जागी फाटला होता. तो आधी चिकटवला, मग खिळे सैल केले.