वृद्धांची झोप आणि मॅग्नेशियम

रात्री झोप लागत नाही, ही वयोवृद्ध रुग्णांची नेहमीची तक्रार. अलीकडे त्यांची मुले-सुना आमच्या औषध विभागात मॅग्नेशियमच्या गोळ्यांची चौकशी करू लागली आहेत. त्यांच्या माहितीसाठी हे टिपण सादर करीत आहोत.

मॅग्नेशियम हे खनिज स्नायू शिथिल होण्यास व मज्जातंतूंची उत्तेजना आटोक्यात राहण्यास साहाय्य करते. २०१२ मध्ये इराणमधील ४६ वृद्धांवरील चाचणीत आठ आठवडे दररोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांची झोप सुधारलेली दिसली. मात्र २०२१ मध्ये अशा तीन चाचण्यांचा, एकूण १५१ वृद्धांचा, एकत्रित आढावा घेतला असता झोप सुमारे १७ मिनिटे लवकर लागते एवढेच आढळले. एकूण झोप वाढल्याचे सिद्ध झाले नाही. तो पुरावाही कमी प्रतीचा ठरला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषांस दररोज ४४० व स्त्रियांस ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आवश्यक आहे. शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात ते जेमतेम २० मिलिग्रॅम असते; ज्वारी, बाजरी व नाचणीत १२० ते १५०, तर शेंगदाण्यात दीडशेहून अधिक. भुईमुगाचे 'टीएजी-२४' हे वाण आपल्या ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. भाकरी चावत नसेल त्यांना नाचणीची आंबील व भाजीत दाण्याचे कूट द्यावे.

गोळीबाबत मात्र सावधगिरी हवी. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर पडत नाही. रक्तदाब उतरतो, हृदयाची लय बिघडू शकते. पोट साफ होण्याच्या काही औषधांतही मॅग्नेशियम असते व ते हिशेबात धरले जात नाही. जमेची बाजू वाढविण्यापूर्वी खर्चाची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे लागते. त्यासाठी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी पुरेशी उपयुक्त ठरते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आहारातील बदलही डॉक्टरांना विचारूनच करावा.

शिवाय सांधेदुखी, रात्री वारंवार लघवीला उठणे, झोपेत श्वास अडकणे वा मनाची उदासी, यांपैकी कोणतेही कारण निद्रानाशामागे असू शकते. गोळी विकत घेण्यापूर्वी आजी-आजोबांना एकदा तपासणीस आणावे, ही सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती.