डोक्याला मार लागलेलं मूल, भरपाईचा दावा आणि आपल्या वर्णनात्मक नोंदी



आजचा लेख नेहमीच्या पाठासारखा नाही. कायद्याची माहिती आहे, थोडी मेंदूची आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. मी वकील नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण गेल्या वर्षी मला अपघाताच्या दाव्यात साक्ष द्यायला जावं लागलं आणि तिथे जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाचं नाव लिहीत नाही. तो माझ्याकडे तिसरीला होता. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला गेला आणि परत येताना पिकअपने धडक दिली. मामाचा पाय मोडला. मुलगा डोक्यावर पडला आणि बेशुद्ध झाला. अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा चालत आला, बोलत आला. सगळं गाव म्हणालं, देवाने वाचवलं. मीही तेच म्हटलं. हात-पाय धड होते, कपाळाच्या बाजूला टाक्यांची खूण, बास.

शाळेत आल्यावर मात्र हळूहळू लक्षात यायला लागलं. अपघाताआधी त्याचे पंधरापर्यंतचे पाढे पाठ होते. आता सातच्या पाढ्यात अडकायचा आणि अडकला की रडायचा नाही, चिडायचा. पाटी फेकायचा. मी तीन गोष्टी एका दमात सांगितल्या, म्हणजे 'वही काढ, तारीख लिही, पान नंबर चौदा उघड', तर तो वही काढून नुसता बसायचा. मधल्या सुट्टीत खिचडी खाल्ली की बाकावर डोकं टेकून झोपायचा. बरोबरची मुलं म्हणायची, "बाई, हा आता येगळाच वागतो."

आपण शिक्षक अशा वेळी काय करतो? सांभाळून घेतो. मीही घेतलं. आणि चूक तिथेच झाली. ती कशी, ते पुढे येईलच. आधी मेंदूबद्दल थोडं.

डोक्याला मार लागला की डॉक्टर शुद्धीची पातळी ३ ते १५ गुणांमध्ये मोजतात. तिला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात आणि डिस्चार्ज कार्डावर ती 'जीसीएस' अशी लिहिलेली असते. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. पालकांनी हा आकडा कार्डावर शोधून ठेवावा, दाव्यात तो महत्त्वाचा ठरतो. पण एवढ्यावर विसंबून राहू नये. सौम्य लिहिलेल्या मुलालाही पुढे त्रास राहू शकतो, आणि सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही असं होत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. लक्ष टिकत नाही, कामाचा वेग मंदावला, राग आवरत नाही, हे स्कॅनमध्ये दिसत नाही. ते वर्गात दिसतं.

लहान मुलांचं आणखी एक आहे. मोठ्या माणसाने गमावलेलं लगेच कळतं, कारण तो काल हिशोब करत होता आणि आज करू शकत नाही. मुलाच्या बाबतीत काही कौशल्यं अजून यायचीच असतात. आठ वर्षांच्या मुलाकडून आपण नियोजनाची, लांबच्या विचाराची अपेक्षाच करत नाही. म्हणून उणीव झाकलेली राहते आणि पाचवी-सहावीत, अभ्यास वाढला की, उघडी पडते. तोवर अपघात सगळे विसरलेले असतात.

आता दाव्याकडे येते. रस्ता अपघातातल्या जखमीला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. जिथे अपघात झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथे, दावा दाखल करता येतो. मूल अज्ञान असल्याने आई किंवा वडील त्याच्या वतीने दावा करतात. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं ना, अज्ञान पालनकर्ता, तसंच समजा. समोरच्या वाहनाचा तृतीय पक्ष विमा असेल तर रक्कम विमा कंपनी देते. मुलाने हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून दावाच होत नाही, असं त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नाही. धडक देणाऱ्याची चूक त्याने पुसली जात नाही.

मुदतीचं मात्र गांभीर्याने घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करण्याची अट आली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर आपण थांबू नये. पोलिसांनीही केंद्रीय नियमांनुसार ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायचा असतो आणि पुढे सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तो गेला की नाही, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारायला लाजू नये. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. डोक्याच्या इजेपुढे ती रक्कम काहीच नाही, म्हणून वाहनाचा नंबर कुणी पाहिला का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

या मुलाच्या वडिलांना वकिलाच्या फीचीच भीती होती. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज केला आणि पाचव्या महिन्यात दावा दाखल झाला. थोडक्यात वाचलो.

मध्यंतरी लोकअदालतीत तडजोडीची बोलणी झाली. मोठी रक्कम नव्हती, पण दवाखान्याचं कर्ज डोक्यावर होतं आणि वडील तयार होत होते. म्हणाले, "मॅडम, पोरगं तर चालतंय, शाळेत येतंय. पदरात पडतंय ते घेऊ." विधी सेवेच्या वकील ताईंनी त्यांना थांबवलं. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. लोकअदालत वाईट असं माझं म्हणणं नाही, कितीतरी कुटुंबांची वर्षं तिथे वाचतात. पण मेंदूची इजा किती मुरली आहे हे कळण्याआधी लहान मुलाच्या आयुष्याचा हिशोब मिटवू नये. ताईंनी आधी सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यायला सांगितली. त्यात स्मरण, लक्ष, कामाचा वेग हे सगळं मोजलं गेलं.

भरपाई कशी मोजतात, हे कळावं म्हणून एक खरा निकाल सांगते. २००७ मध्ये उत्तर भारतात १२ वर्षांची एक मुलगी आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात असताना ट्रकने धडक दिली. मेंदूला इतकी इजा झाली की चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या तपासणीत तिचं सामाजिक वय ९ महिन्यांच्या बाळाएवढं निघालं. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने ते सुमारे २५ लाख ७८ हजार केले आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. एवढा फरक कशाने पडला? बारा वर्षांच्या मुलीला पगार कुठून असणार, म्हणून तिचं उत्पन्न नाममात्र धरायची पद्धत होती. न्यायालयाने कुशल कामगाराचं तेव्हाचं किमान वेतन, महिना ४,८४६ रुपये धरलं, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, आणि वर्षाच्या रकमेला १८ ने गुणलं. ते झाले सुमारे १४ लाख ६६ हजार. तिची देखभाल करायला आयुष्यभर माणूस लागणार, म्हणून दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,००० रुपये. १०,००० गुणिले १२ गुणिले १८ म्हणजे २१ लाख ६० हजार. (पाचवीच्या मुलांना हे गणित मी घालून बघितलं. गुणाकार बरोबर आला, मग सगळा वर्ग गप्प झाला.) वेदना आणि हिरावलेल्या सुखासाठी १५ लाख वेगळे. आई घरातच सांभाळते, मग मदतनिसाचे पैसे कशाला, असा विचार आपल्या मनात येतो. पण आईच्या कष्टाला मोल नाही असं धरलं तर विमा कंपनीचाच फायदा.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरचे टक्के आणि कमाईची क्षमता गेल्याचे टक्के एकच नसतात. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की डावा हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं कामच जातं, पण कारकुनाची नोकरी राहू शकते. हात तोच, नुकसान वेगळं. मुलाच्या बाबतीत तर कामच ठरलेलं नसतं. मग त्याचं नुकसान दाखवायचं कशावरून? तो आधी काय करू शकत होता आणि आता काय करू शकत नाही, यावरून. आणि हे कुणाच्या दप्तरी असतं? आपल्या.

आता माझी चूक.

मला समन्स आलं. प्रगतीपुस्तकं, हजेरीपट, नोंदवही घेऊन गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत माझीच नोंदवही माझ्या हातात दिली आणि अपघातानंतरच्या दुसऱ्या सत्राची नोंद वाचायला लावली. मी वाचली. 'दिलेल्या सूचनांचे पालन करतो. पाढे अचूक म्हणतो. वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो.'

अक्षर माझं होतं. सही माझी होती.

मित्रांनो, आपल्यापैकी किती जण वर्णनात्मक नोंदी स्वतः लिहितात? एप्रिलमध्ये ऑनलाइन कामं, सर्वेक्षण, निकालपत्रकं, आणि त्यात तयार नोंदींची पीडीएफ ग्रुपवर आलेली असते. मी तीच उतरवली होती. शिवाय मनात दया होती. आधीच पोराचं इतकं झालंय, प्रगतीपुस्तकात वाईट कशाला लिहायचं? वकिलांनी पुढे विचारलं, मुलगा तिसरीतून चौथीत गेला ना? गेला. चौथीतून पाचवीत? गेला. हजेरी किती? जवळजवळ पूर्ण. मग नुकसान कुठे झालं?

मी सांगितलं की शिक्षण हक्क कायद्यामुळे आमच्याकडे तिसरी-चौथीची सगळीच मुलं पुढच्या वर्गात जातात. हजेरी सकाळी लागते, दुपारी तो झोपलेला असतो हे हजेरीपटात येत नाही. आणि नोंदीचं? न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "बाई, हे तुम्ही त्या मुलाला बघून लिहिलंय का?" मी म्हटलं, "नाही साहेब. तयार नोंदीतून उतरवलंय." साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असताना, हे म्हणायला मला किती वेळ लागला ते माझं मलाच माहीत.

दावा सावरला तो त्या आईमुळे. तिने मुलाच्या वह्या रद्दीत घातल्या नव्हत्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. अपघाताआधीची श्रुतलेखनाची वही आणि नंतरची वही शेजारी शेजारी ठेवली गेली. आधीच्या वहीत दहापैकी नऊ, दहापैकी आठ, सरळ ओळी. नंतरच्या वहीत शब्द अर्धवट, ओळ खाली घसरत गेलेली, दोन पानांवर फक्त तारीख. त्या वह्यांवर माझ्या लाल पेनाच्या खुणा आणि तारखा होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. रुग्णालयाच्या तपासणीत जे आकड्यांत होतं तेच त्या पानांवर दिसत होतं.

निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. रक्कम इथे लिहिणं योग्य नाही. बराचसा भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आहे, तो १८ वर्षांचा होईपर्यंत. मूळ रकमेला हात लावता येत नाही, उपचारासाठी लागले तर न्यायाधिकरणाची परवानगी काढावी लागते. वडिलांना आधी ते जाचक वाटलं होतं.

पालकांना माझी विनंती आहे की अपघाताच्या आधीच्या वह्या, चित्रं, स्पर्धेचं प्रमाणपत्र, गाणं म्हणतानाचा मोबाइलमधला व्हिडिओसुद्धा जपून ठेवा. औषधाच्या चिठ्ठ्या आपण जपतो, वह्या जपत नाही. आणि मूल बदललंय असं वाटलं तर बाईंना किंवा सरांना येऊन सांगा, आमच्याकडे बघायला तीस-चाळीस डोकी असतात.

आणि शिक्षकांनो, असं मूल वर्गात असेल तर नोंद साधी लिहा. तारीख घाला, जे पाहिलं तेवढंच लिहा. निदान करू नका, ते डॉक्टरांचं काम. मी आता वेगळी शंभर पानी वही ठेवते. त्यातल्या एका दिवसाची नोंद अशी आहे: 'मंगळवार. सातचा पाढा सहाव्या ओळीपर्यंत म्हटला, मग थांबला. दोनदा आठवण केली तरी पुढे गेला नाही. सव्वाबाराला झोपला, उठवल्यावर शाळा सुटली का म्हणून विचारलं. मैदानावर शेजारच्या मुलाला ढकललं, नंतर स्वतःच जाऊन त्याला पाणी दिलं.'