नेटचा वेग वाढवताना आधी सुटण्याची किंमत विचारा

घरच्या इंटरनेटचा वेग वाढवून मागितला, तर आपल्याकडे कुणी दोन वर्षांच्या करारावर सही मागत नाही. केबलवाल्याचा मुलगा दारात येतो, ‘काका, वर्षाचं भरून टाका, नवा राउटर फुकट, एक महिना वर,’ म्हणतो आणि क्यूआर कोड पुढे करतो. सही नाही, कागद नाही, पण पुढचे बारा-तेरा महिने तुम्ही त्याच्याशी बांधलेले. आपल्याकडचा करार असा आगाऊ भरलेल्या पैशांत दडलेला असतो. त्यामुळे महिन्याचा दर विचारण्याआधी मधेच सोडलं तर किती बुडतील, ते विचारा.

त्याही आधी, वेग खरंच कमी पडतोय का? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार लागतात. घरात एक मोठा टीव्ही, दोघांच्या मीटिंगा आणि एका मोबाइलवर क्रिकेट असं सगळं एकदम चाललं तरी बेरीज ३०च्या आसपास जाते. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर हे कुटुंब अडत असेल, तर दोष बहुधा प्लॅनचा नसतो. ‘आतल्या खोलीत नेट येत नाही’ ही वायफायची तक्रार आहे. ३०० एमबीपीएस घेतल्यानं भिंत पातळ होत नाही. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल, तर प्लॅन आहे तोच ठेवा आणि दुसरा राउटर किंवा मेश संच घ्या. जुन्या राउटरला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड असेल, किंवा त्याचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असेल, तर वरच्या प्लॅनचे पैसे भरूनही वाढलेला वेग हाती लागणार नाही.

तरीही वेग वाढवायचाच असेल, तर हिशेब मांडू. समजा नवा प्लॅन महिना ७९९ रुपयांचा आहे. जाहिरातीतल्या दरात बहुतेक वेळा जीएसटी धरलेला नसतो. १८ टक्के मिळवले की महिन्याचे होतात ९४२ रुपये ८२ पैसे. महिन्या-महिन्यानं भरलं तर नव्या राउटरचे १,००० रुपये आणि त्यावरचा कर, म्हणजे १,१८० रुपये वेगळे. वर्षाचं एकदम भरलं तर राउटरचे पैसे माफ आणि बारावर एक महिना फुकट. वर्षाची रक्कम करासह ११,३१३ रुपये ८४ पैसे.

तेरा महिने पूर्ण काढलेत, तर वार्षिक प्लॅनमध्ये २,१२२ रुपये वाचतात. वाईट नाही. पण आठ महिन्यांनी सोडावं लागलं तर? महिन्यानं भरणाऱ्याचे राउटर धरून ८,७२२ रुपये गेले असते. तुमचे ११,३१३ आधीच गेलेले. म्हणजे २,५९१ रुपयांचा फटका, अर्थात उरलेले पैसे परत मिळत नसतील तर, आणि सहसा मिळत नाहीत. दोन्ही बाजू पावणेअकरा महिन्यांवर बरोबरीत येतात. त्याच्या अलीकडे सोडलं तर नुकसान, पलीकडे फायदा.

आता भाड्यानं राहणाऱ्यांचं बघा. पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्स सर्रास ११ महिन्यांचं असतं. अकरा महिन्यांनी घर सोडलं, तर वार्षिक प्लॅनमधली बचत उरते फक्त २३७ रुपये, कारण फुकटचा महिना वापरायला तुम्ही तिथे नसताच. २३७ रुपयांसाठी अकरा हजार आगाऊ अडकवणं मला तरी पटत नाही. ‘शिफ्टिंग फ्री आहे’ हे आश्वासनही नव्या इमारतीत त्या कंपनीची लाइन पोहोचली असेल तरच कामाचं. भाडेकरूनं महिन्याचा किंवा तिमाही प्लॅन घ्यावा. स्वतःचं घर असेल आणि त्याच कंपनीची सेवा निदान एक पावसाळा नीट चाललेली पाहिली असेल, तर वार्षिक घ्यायला हरकत नाही. नव्या कंपनीला मात्र पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे देऊ नयेत.

चालू प्लॅन संपायच्या आत वेग वाढवायचा असेल, तर एक खास अडचण येते. जुन्या प्लॅनचे चार महिने शिल्लक आहेत. त्या पैशांचं काय? काही कंपन्या उरलेली रक्कम नव्या प्लॅनमध्ये वळती करतात, काही ठिकाणी नवा प्लॅन रांगेत लागतो आणि जुना संपल्यावरच वेग वाढतो, तर काही ठिकाणी उरलेले दिवस सरळ बुडतात. नंतर वेग कमी करून घेता येईल का, हेही आत्ताच विचारा. वर चढायला एक फोन पुरतो. खाली उतरायचं म्हटलं की ‘मुदत संपल्यावर बघू’ असं उत्तर येतं. ‘अमर्याद’ प्लॅनलाही मर्यादा असते, अनेक ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबी. साधं घर तिथवर जात नाही, त्यामुळे त्याची फार काळजी नको.

फुकट राउटर बहुधा तुमचा होत नाही, तो कंपनीचाच राहतो. डिपॉझिट दिलं असेल तर पावतीवर ‘परत करण्यायोग्य’ असं लिहून घ्या. कनेक्शन बंद करताना राउटर अडॅप्टरसकट द्या आणि परत केल्याची पावती किंवा निदान मेसेज मागा. डिपॉझिटमधून कापाकापी इथेच होते.

मुलं ब्रिटनमध्ये असतील तर तिथला मामला निराळा. तिथे वेग वाढवला की बहुधा नवी मुदत पहिल्या दिवसापासून सुरू होते, अनेकदा १८ किंवा २४ महिन्यांची. २४ महिन्यांपेक्षा जास्त बांधता येत नाही. फोनवर किंवा ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो. तोवर वापरलेल्या सेवेचे पैसे मात्र द्यावे लागतात. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत मधली दरवाढ महागाईच्या टक्क्यात नाही, तर पौंड-पेन्समध्ये आधीच सांगण्याचं बंधन ऑफकॉम या नियामकानं घातलं आहे. कंपनी बदलायची तर सप्टेंबर २०२४ पासून फक्त नव्या कंपनीला सांगितलं की पुरतं, पण मुदतीआधी सोडण्याचा दंड त्यानं टळत नाही.

आपल्याकडे पैसे अडकले तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. केबलवाल्याला केलेला फोन ही तक्रार नव्हे, कारण तिची नोंद कुठेच राहत नाही. तिथे काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दूरसंचारच्या तक्रारी आमच्याकडे चालत नाहीत, हे उत्तर पूर्वी ऐकावं लागे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तो प्रश्न ग्राहकाच्या बाजूनं सोडवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ ही व्याख्याही आहे. अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानाच्या मानानं भलताच मोठा दंड तिच्यात बसतात. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्ह्यात नाही, राज्य आयोगापासून पुढे चालते.

या सगळ्याला पुरावा लागतो, आणि तोंडी बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून पैसे भरण्याआधी केबलवाल्याला व्हॉट्सअॅपवर एवढं पाठवा: ‘दादा, करासह एकूण किती? जुन्या प्लॅनचे उरलेले पैसे वळते होणार का? मधे बंद केलं तर किती परत? राउटर कुणाचा?’ उत्तर आल्यावर क्यूआर स्कॅन करा. ‘फोनवर बोलू’ असं आलं, तर महिन्याचाच रिचार्ज मारा.