टायकन की ई-ट्रॉन जीटी : सेकंद मोजण्याआधी

पोर्शे टायकन घ्यावी की ऑडी ई-ट्रॉन जीटी, ही चर्चा बहुधा एकाच आकड्यावर येऊन अडते: शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत? 2021 च्या टायकन टर्बो एसला 2.8 सेकंद लागत, आरएस ई-ट्रॉन जीटीला 3.3. मला हा निकष चुकीचा वाटतो, कारण आतून या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. फोक्सवॅगन समूहाचा तोच जे-वन सांगाडा, तीच 800 व्होल्टची रचना, मागच्या चाकांना तोच दोन गतींचा गिअरबॉक्स. 2021 मध्ये दोन्ही भारतात आल्या तेव्हा मोठी बॅटरीसुद्धा एकच होती, 93.4 युनिटांची. स्टीअरिंगची धार, बसण्याची ऐसपैस जागा, रूप यांत फरक आहे. पण तो एका टेस्ट ड्राइव्हमध्ये कळतो. पुढची आठ-दहा वर्षं सुखाची जाणार की कटकटीची, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं, आणि त्या शोरूममध्ये आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट चार्जिंग. 2021 च्या गाड्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, 5 ते 80 टक्के साडेबावीस मिनिटांत. ते खरं आहे, पण 270 किलोवॅट देणाऱ्या 800 व्होल्टच्या चार्जरवर. आपल्या महामार्गांवर 30 आणि 60 किलोवॅटचे चार्जर सर्रास भेटतात. 93.4 युनिटांपैकी वापरता येतात सुमारे 84. म्हणजे 10 ते 80 टक्के भरायला साधारण 59 युनिटं हवीत. 60 किलोवॅटवर त्याला तास लागतो, 30 वर दोन. त्यातही एक मेख आहे. चार्जर 400 व्होल्टचा असेल तर गाडीला तो दाब आतल्या आत वाढवून घ्यावा लागतो, आणि सुरुवातीच्या टायकनमध्ये त्यासाठी मुळात मिळणारं यंत्र 50 किलोवॅटचंच होतं. 150 चं हवं असेल तर जादा पैसे मोजून आधीच नोंदवावं लागे. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि चामड्याच्या आधी ऑप्शनच्या यादीतली ही एक ओळ वाचावी.

यावर कोणी म्हणेल, दोन कोटींची गाडी घेणारा वीज घरीच भरेल, रस्त्यावरच्या चार्जरची काळजी त्याने का करावी? घरी भरणं हेच शहाणपणाचं, यात वाद नाही. पण 11 किलोवॅटने भरायला थ्री-फेज जोडणी लागते. तेव्हा कुठे रिकामी गाडी रात्रभरात, आठेक तासांत भरते. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर त्याच कामाला दिवसाहून जास्त वेळ जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला थ्री-फेज जोडणीसाठी सोसायटीची परवानगी, मंजूर भारात वाढ, मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल हे सगळं मार्गी लावावं लागतं, आणि त्यात महिने जाऊ शकतात.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा असतो: वेगाचा आनंद नको असेल तर अशी गाडी घ्यायचीच कशाला? तो आनंद मलाही मान्य आहे. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातसुद्धा मर्यादा ताशी 100 ची आहे, आणि तिथवर दोन्ही गाड्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोचतात. त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब रस्त्यावर लागत नाही. लागतो तो जमिनीपासूनच्या उंचीचा. टायकनचं पोट जमिनीपासून जेमतेम 13 सेंटिमीटरवर, आणि बॅटरी नेमकी त्याच तळाशी. आपल्या गल्लीतले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. म्हणून उंची वाढवता येणारं एअर सस्पेन्शन मी चैन मानत नाही, गरज मानतो. टायकनचं स्मार्टलिफ्ट तर ठरावीक जागा लक्षात ठेवून तिथे गाडी आपोआप उचलतं. स्टेपनी मिळणार की नुसतं पंक्चरचं किट, हेही विचारून घ्या.

जुन्या गाड्यांचे भाव झपाट्याने उतरतात, म्हणून मोह होतो. पण आधी बॅटरीची हमी किती उरली ते पाहा: क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर लागू होणारी ही हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असते. 2024 मध्ये पोर्शेने जगभरातल्या टायकन पुढच्या ब्रेकच्या नळ्यांसाठी परत बोलावल्या. बॅटरीतल्या शॉर्ट सर्किटच्या शक्यतेमुळे तर दोन्ही नावांच्या काही गाड्यांवर रिकॉल निघाले. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण चॅसी नंबरवर कोणतं काम झालं आणि कोणतं राहिलं, हे अधिकृत सेवाकेंद्राकडून लेखी घ्या.

आता निवडायचंच तर माझं मत सरळ आहे. भारतात ऑडीचं जाळं मोठं आहे. तुमच्या शहरात ऑडीचं सेवाकेंद्र असेल आणि पोर्शेचं नसेल, तर ई-ट्रॉन जीटी घ्या. दोन्ही असतील तर खुशाल मन म्हणेल ती घ्या. मात्र बुकिंगचा धनादेश लिहिण्याआधी सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि वाढीव भाराची मंजुरी हातात असू द्या.