आधारवर सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा

दिघाशी-अंबाडीच्या पट्ट्यात आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी झाली. तरुण मंडळी सिस्टर म्हणायची, म्हातारी माणसं ‘बाय’. कागदोपत्री मुख्य काम लसीकरणाचं आणि गरोदर बायकांचं. पण आज आठवतात ते आजी-आजोबाच. बाळ सुई टोचली की रडून मोकळं होतं. म्हातारी मात्र दंडाला बीपीचा पट्टा बांधून घ्यायच्या आधी तुमचं माहेर, सासर आणि पगार विचारून घेते. त्यांच्याकडून जे शिकले, त्यातलं थोडं.

१. वय विचारू नये, आठवण विचारावी.

आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आधारवरचा जन्म एक जानेवारीचा. तारीख माहीत नाही म्हटल्यावर भरणाऱ्याने अंदाजे साल टाकलं की झालं. एका आजींच्या कार्डावर साल होतं १९५२. मला पटेना. बोलता बोलता म्हणाल्या, “गणेशपुरीचं नित्यानंदबाबा गेलं तवा माजा थोरला रांगत होता.” बाबांनी देह ठेवला ऑगस्ट १९६१ मध्ये. म्हणजे कार्डाप्रमाणे आजी नवव्या वर्षी आई झाल्या! खऱ्या हिशेबाने त्या ऐंशीच्या घरात होत्या, आणि औषध देणाऱ्याला सत्तर आणि ऐंशी यांतला फरक माहीत असावा लागतो.

आजींचं दुःख मात्र वेगळंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. शेजारीण फुकटात वज्रेश्वरीला जाते आणि हिला अर्धं तिकीट. “कागदावर मी अजून पोरगी हाय,” असं म्हणून त्या हसायच्या. पण २०२४ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड आलं, तेही आधारवरच्या वयावर. तेव्हा ज्यांचं साल आणखी पुढे ढकललेलं होतं, त्यांना हसू आलं नाही.

२. ‘मीठ कमी खा’ हे सांगणं नव्हे.

एका आजींचं वरचं बीपी गोळी चालू असून १६० च्या खाली येईना. सून शपथेवर सांगे, भाजीत मीठ नावाला घालते. खरंच होतं. एकदा जेवणाच्या वेळी घरी गेले, तर ताटात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि भाजलेली खारवलेली मासळी! मासळी मिठाच्या हिशेबात धरायची, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या मासळीच्या डब्यापुढे तिचं कोण ऐकतं? मासळी बंद करा म्हटलं असतं, तर आजींनी मलाच बंद केलं असतं. म्हणून ठरलं असं: खारवलेली मासळी भिजत घालून दोन पाण्यांनी धुवायची, पाणी फेकायचं, वर मीठ नाही आणि खायची ती आठवड्यातून दोनदा. आजी पहिल्या घासाला म्हणाल्या, “बाय, मासली मेली ती दुसऱ्यांदा मेली.” तरी पाळलं त्यांनी. बीपी एकदम खाली आलं नाही, पण आलं.

तेव्हापासून मी आधी स्वयंपाकघरात डोकावायचे, पट्टा मागाहून.

३. मान हलली म्हणजे ऐकलं असं नाही.

भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं, ते मागाच्या खात्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. असे एक आजोबा होते. गोळ्या घेतल्या? हो. जेवणाआधी? हो. जेवणानंतर? हो. शेवटी मी विचारलं, “आजोबा, बाळंतपणाची तारीख काय?” तर तितक्याच गंभीरपणे, “हो.” आजी ओटीवर पदरात तोंड लपवून हसत होत्या. बहिरेपण लपवायला माणूस सगळ्याला होकार देतो. म्हणून समोर बसावं, तोंड दिसू द्यावं, आणि सांगितलेलं त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यावं.

४. आवणीच्या दिवसांत उपदेश करू नये.

गुडघे धरले असले तरी म्हातारी भात लावायला चिखलात उतरणारच. गोळ्या बांधावर न्याव्यात आणि गप्प परत यावं.

५. कुंडात आधी हात, मग पाय.

सांधे धरले की आमच्याकडची माणसं अकलोलीच्या गरम कुंडांत जाऊन बसतात. त्याला माझा विरोध नाही. शेकाने बरं वाटतं, शिवाय वज्रेश्वरी देवीचं दर्शन होतं. पण जुनी साखर असलेल्याच्या तळपायाला चटका कळत नाही. एक आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत होते, “सगल्यांना पोलतं, मना काय लागत नाय.” मी पाय उचलून पाहिला तर तळव्याला फोड. अशांनी कोपराने पाणी पाहावं किंवा सोबतच्याला पाहायला सांगावं, आणि घरी आल्यावर तळवे कुणाकडून तरी बघून घ्यावेत.

६. तोंड उघडायलाही आडोसा लागतो.

मशेरी लावणाऱ्या बायकांची तोंडं तपासायची असत. एक आजी दरवेळी ओठ मिटून मान फिरवायच्या. मला वाटलं, घाबरतात. कारण निघालं वेगळंच: जावई समोर खाटेवर बसलेला, त्याच्यासमोर आ कसा वासायचा? त्याला पाणी आणायला पाठवला आणि काम झालं. त्यांच्या तोंडात काही निघालं नाही. पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. तुमच्या घरात मशेरी लावणारी किंवा तंबाखू खाणारी आजी असेल, तर तिला दिवसाउजेडी दारात बसवा, जावयाला बाहेर घालवा आणि गालाच्या आतून, जिभेखाली नीट पाहा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.